ट्रॅक्टरची ‘किंमत’ नेमकी कोणती? आयडीव्हीच्या तक्त्यावर एक टीका

पेटची किंवा नेटची तयारी करताना ‘व्हॅलिडिटी’ची व्याख्या तुम्ही पाठ केलेली असते. जे मोजतोय असं आपण म्हणतो, तेच मोजलं जातंय का? परीक्षेत त्याचे दोन गुण मिळतात आणि विषय तिथेच संपतो. आज तोच प्रश्न एका साध्या कागदाला विचारून बघू. कागद म्हणजे ट्रॅक्टरच्या विम्याची पॉलिसी. तिच्या पहिल्या पानावर एका चौकटीत आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी जाहीर केलेली किंमत, लिहिलेली असते. आकडा छापील असतो, शिक्क्यानिशी असतो आणि मागितला तर शेतकरी झेरॉक्सही देतो. संशोधक विद्यार्थ्याला आणखी काय हवं? तुमचा विषय ‘पैठण तालुक्यातील शेतीचे यांत्रिकीकरण’ असेल, तर ‘ट्रॅक्टरचे मूल्य’ या रकान्यात हाच आकडा भरायचा मोह होणार.

माझं म्हणणं असं आहे की तो भरू नका. आयडीव्ही ही ट्रॅक्टरची किंमत नाही. ती एका कराराची किंमत आहे आणि जो तक्ता वापरून ती काढतात तो ट्रॅक्टरचं निम्मं आयुष्य झालं की संपतो. संशोधकासाठी ही मोजमापाची चूक ठरते, पण शेतकऱ्यासाठी ते थेट लाख-दीड लाखांचं प्रकरण असतं. म्हणून हा तक्ता नीट वाचायला पाहिजे.

आधी मूळ मजकूर बघू. १ जुलै २००२ पासून देशात नवं ‘इंडिया मोटर टॅरिफ’ लागू झालं. त्यातल्या नियमानुसार, पॉलिसी सुरू होताना किंवा नूतनीकरण करताना त्या मॉडेलची उत्पादकाने जाहीर केलेली विक्री किंमत घ्यायची आणि तिच्यातून वयाप्रमाणे घसारा वजा करायचा. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. पाच वर्षांपुढच्या किंवा बाजारातून गेलेल्या मॉडेलची किंमत कंपनी आणि मालक यांनी परस्पर संमतीने ठरवायची. अशी ठरलेली किंमत त्या पॉलिसीच्या वर्षभर बाजारभाव म्हणून धरली जाते, मध्येच तिच्यातून आणखी घसारा कापत नाहीत. १ जानेवारी २००७ पासून विम्याचे दर मोकळे झाले, तरी ही व्याख्या आणि हा तक्ता पॉलिसीच्या मजकुरात तसाच राहिला.

टीका करायची म्हणजे आधी चांगलं काय ते मान्य करायचं. २००२ च्या आधी मालक आपल्या अंदाजाने किंमत लिहायचा आणि प्रीमियमही त्यावरच भरायचा. भरपाईची वेळ आली की मात्र नुकसानीच्या दिवसाचा बाजारभाव काढला जायचा. म्हणजे पैसे भरताना एक किंमत आणि मिळताना दुसरी. नव्या तक्त्याने हा वाद बऱ्याच अंशी आधीच मिटवून टाकला. शिवाय तो स्वस्त आहे. प्रत्येक गाडी दरवर्षी तपासायला माणूस पाठवायचा तर त्याचा खर्च शेवटी प्रीमियममध्येच येणार. हे मुद्दे वजनदार आहेत, त्यामुळे ‘तक्ता रद्द करा’ असं मी म्हणणार नाही.

आता पाचोडला चला. धुळे-सोलापूर महामार्गावरचं, पैठण तालुक्यातलं हे मोठं बाजारगाव, मोसंबीच्या व्यापारासाठी ओळखलं जाणारं. समजा इथे एकाच महिन्यात घेतलेले, एकाच मॉडेलचे दोन ट्रॅक्टर आहेत. पहिला मोसंबीच्या बागायतदाराचा. बागेत पाळी घालायची, ब्लोअर लावून फवारणी करायची, हंगामात माल मार्केटला आणायचा. बाकी दिवस तो शेडमध्ये उभा. दुसरा भाड्याने चालणारा. पेरणीच्या आधी रात्रंदिवस नांगरट आणि रोटा, मग मळणी, आणि थंडीत दोन ट्रॉल्या जोडून साखर कारखान्याची ऊस वाहतूक. चार वर्षांनी पहिल्याच्या मीटरवर १,२०० तास आहेत आणि दुसऱ्याच्या ५,००० असं धरा. (आकडे उदाहरणासाठी माझे आहेत, पण शेतात जाऊन मीटर बघा, असा फरक सहज सापडेल.)

तक्त्याला हा फरक दिसतच नाही, कारण त्यात फक्त वय आहे. कारच्या बाबतीत वय आणि वापर साधारण सोबत चालतात असं मानून घेता येतं. ट्रॅक्टरच्या बाबतीत तसं मानता येत नाही. त्याची झीज तासांत मोजतात, हे शेतकरीही जाणतो आणि कंपनीचा मेकॅनिकही. जुना ट्रॅक्टर विकताना पहिला प्रश्न असतो, ‘किती तास झालाय?’ कृषी अभियांत्रिकीच्या पुस्तकांत यंत्राचा खर्च काढायची जी पद्धत शिकवतात, तिच्यातही ट्रॅक्टरचं आयुष्य साधारण दहा वर्षं किंवा १०,००० तास धरतात आणि शेवटी १० टक्के भंगार किंमत ठेवतात. त्या हिशेबाने ७,००,००० रुपयांचा ट्रॅक्टर दर तासाला ६३ रुपये झिजतो. म्हणजे बागायतदाराच्या ट्रॅक्टरची किंमत उरते ६,२४,४०० आणि भाड्याच्या ट्रॅक्टरची ३,८५,०००. तासांचा हिशेबही काही वेदवाक्य नाही, उभ्या यंत्राचं रबरही कुजतंच. पण एकीकडे सव्वासहा लाख आणि दुसरीकडे पावणेचार, असे दोन ट्रॅक्टर ज्या पद्धतीत एकाच किमतीचे ठरतात, त्या पद्धतीला ‘मूल्यमापन’ म्हणताना जरा थांबायला हवं.

वय मोजायची रीतही पायऱ्यांची आहे, उताराची नाही. नूतनीकरणाच्या दिवशी ट्रॅक्टर तीन वर्षं अकरा महिन्यांचा असेल तर घसारा ४० टक्के, चार वर्षं एक महिन्याचा असेल तर ५०. मॉडेलची किंमत साडेसात लाख असेल तर आयडीव्ही एकदा साडेचार लाख येते आणि एकदा पावणेचार. दोन महिन्यांच्या फरकाला ७५,०००. तुम्ही गावोगाव पॉलिसी गोळा करून सरासरी काढाल, तेव्हा त्या सरासरीत यंत्रांची अवस्था किती असेल आणि नूतनीकरणाच्या तारखांचा योगायोग किती असेल?

दुसरा मुद्दा अजून कमी लोकांच्या लक्षात येतो. तक्त्यातली टक्केवारी कशावर लावायची? आपण सहज म्हणतो, ‘घेतली त्या किमतीवर.’ चूक. नियमात पॉलिसी सुरू होतानाची, म्हणजे चालू यादीतली किंमत आहे. तुम्ही सात लाखांना घेतलेल्या ट्रॅक्टरची शोरूम किंमत आज आठ लाख असेल, तर ५० टक्के घसारा आठ लाखांवर लागतो आणि आयडीव्ही चार लाख येते. जुन्या बिलावरून काढली तर साडेतीन. काउंटरवर घाईत मागच्या वर्षीच्या आकड्यातून ‘दहा टक्के कमी’ करून पॉलिसी काढली जाते, तेव्हा हा फरक मालकाच्या खिशातून जातो आणि त्याला तो कळतही नाही. राज्याच्या यांत्रिकीकरण योजनेतून अनुदानावर घेतलेल्या ट्रॅक्टरलाही हेच लागू आहे. शेतकऱ्याने खिशातून किती भरले याचा आयडीव्हीशी संबंध नाही.

आता गंमत बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. जीएसटी धरून आठ लाखांचा ट्रॅक्टर, उत्पादकाने कपात पूर्ण पुढे दिली तर, साडेसात लाखांचा झाला. त्याबरोबर चार वर्षं जुन्या ट्रॅक्टरची आयडीव्ही चार लाखांवरून ३,७५,००० वर आली. ट्रॅक्टर एक तासही जास्त चालला नाही, एक बोल्टही झिजला नाही. कराराच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, नवा स्वस्त झाला तर जुन्याची भरपाईही कमी होणार. पण तुमच्या अभ्यासात काही पॉलिसी त्या तारखेच्या आधीच्या आणि काही नंतरच्या असतील, तर ‘शेतकऱ्यांच्या भांडवलात घट’ असा निष्कर्ष निघेल आणि प्रत्यक्षात तो करातला बदल असेल. मॉडेलच्या बाबतीतही असंच. जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना प्रदूषणाचे नवे निकष लागले. जुनं इंजिन असलेलं एखादं मॉडेल यादीतूनच गेलं की टक्केवारी लावायला पायाच उरत नाही, आणि वय पाचच्या आत असूनही मामला परस्पर संमतीवर येतो.

या ‘परस्पर संमती’पाशीच माझी मुख्य तक्रार आहे. पाच वर्षांनंतर ट्रॅक्टर काही म्हातारा होत नाही. मराठवाड्यात दहा-बारा वर्षांचे ट्रॅक्टर सर्रास राबताना दिसतात. म्हणजे ट्रॅक्टर शेतात असतो त्या काळातला बराचसा भाग तक्त्याच्या बाहेर आहे. तिथे किंमत दोघांच्या संमतीने ठरायची. दोघं म्हणजे कोण? एका बाजूला स्क्रीनवर मॉडेल निवडून आकडा काढणारा, दुसऱ्या बाजूला ‘साहेब, कमीत कमी किती बसेल?’ विचारणारा. पहिल्याला पॉलिसी विकायची आहे, दुसऱ्याला आजचा खर्च वाचवायचा आहे. दोघांचंही आजचं हित कमी आकड्यात आहे. संमती होते, पण यंत्राच्या किमतीवर नाही, प्रीमियमवर होते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये धर्मेंद्र गोयल विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या प्रकरणात (ते ट्रॅक्टरचं नव्हतं) कंपन्या वरचढ स्थितीत असतात, हे स्पष्ट शब्दांत नोंदवलं. एक किंमत मान्य करून तिच्यावर प्रीमियम घेतला की भरपाईच्या वेळी तीच किंमत मनमानीपणे नाकारता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. मालकाला हा आधार मोठा आहे. पण तो लिहिलेल्या आकड्याला मिळतो. आकडाच कमी लिहिला असेल तर निकाल काय करणार?

कमी लिहिल्याने होतं काय, ते बघा. दुरुस्तीचा आणि यंत्र उचलून आणण्याचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की ट्रॅक्टर ‘टोटल लॉस’ धरतात. आयडीव्ही ३,७५,००० असेल तर ही रेषा २,८१,२५० वर येते. प्रीमियम वाचवायला ती ३,००,००० लिहिली, तर २,२५,००० वर. समजा पुलावरून पलटी झालेल्या ट्रॅक्टरच्या दुरुस्तीचा अंदाज २,६०,००० आला. पहिल्या पॉलिसीत तो दुरुस्तीचा क्लेम होतो. चार-पाच वर्षांच्या वाहनाच्या धातूच्या भागांवर ३५ टक्के आणि टायर, रबर, बॅटरीवर ५० टक्के घसारा कापला जाईल, म्हणजे मालकाला पदरचे घालावे लागतील, पण ट्रॅक्टर घरी येईल. दुसऱ्या पॉलिसीत तोच ट्रॅक्टर मोडीत निघाला आणि हातात येणार जास्तीत जास्त तीन लाख. त्यावर बँकेचा बोजा चढवलेला असेल तर पैसे आधी बँकेकडे जातात. कर्ज ३,२०,००० बाकी असेल, तर वाफसा आला तेव्हा त्या शेतकऱ्याकडे ट्रॅक्टर नाही आणि वीस हजारांचं देणं मात्र आहे. प्रीमियममध्ये वाचलेली रक्कम यापुढे किरकोळ असते.

उलट बाजूचा गैरसमजही आहे. ‘जास्त लिहिली की जास्त मिळतं.’ ट्रॅक्टर चोरीला गेला किंवा पूर्ण नष्ट झाला, तरच आयडीव्ही रक्कम ठरवते. छोट्या-मोठ्या दुरुस्तीत बिल आणि भागांवरचा घसारा यावरच हिशेब होतो. फुगवलेल्या आकड्यावर दरवर्षी प्रीमियम जास्त जातो, मडगार्डचे पैसे तेवढेच मिळतात.

आता परत आपल्या प्रश्नावलीकडे येऊ, कारण इथे एक खड्डा आहे आणि तो मला मोजमापाच्या चुकीपेक्षाही मोठा वाटतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे सक्तीचा आहे तो फक्त थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या वाहनामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर. स्वतःच्या ट्रॅक्टरचा विमा, ज्याला गावात ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात, तो ऐच्छिक. पूर, आग, चोरी, उलटणं हे सगळं या ऐच्छिक भागात येतं. थर्ड पार्टीच्या पॉलिसीत आयडीव्ही लागतच नाही, ती चौकट रिकामी किंवा शून्य. कर्ज चालू असेपर्यंत बँक फुल विमा काढायला लावते, कर्ज फिटलं की पुढे ते मालकाच्या मर्जीवर. म्हणजे ज्यांची आयडीव्ही तुम्हाला मिळेल ते ट्रॅक्टर प्रामुख्याने नवे आणि कर्जातले असणार. जुने, कर्जमुक्त, कदाचित गावात सगळ्यात जास्त राबणारे ट्रॅक्टर तुमच्या रकान्यात ‘माहिती उपलब्ध नाही’ म्हणून जातील आणि सॉफ्टवेअर ते गुपचूप वगळेल. ही रिकामी जागा योगायोगाची नाही. ‘विमा आहे का? होय / नाही’ एवढाच प्रश्न ठेवला तर दोघंही ‘होय’ म्हणतील. सप्टेंबर २०२५ ची मराठवाड्यातली अतिवृष्टी आठवा. पाण्यात गेलेल्या ट्रॅक्टरसाठी या दोन ‘होय’मध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

ट्रॅक्टरच्या मागे जे जोडतात त्याची कथा आणखी वेगळी. पलटी नांगर, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, ब्लोअर ही वाहनं नाहीत, त्यामुळे ट्रॅक्टरच्या आयडीव्हीत ती आपोआप धरली जात नाहीत. ट्रॉलीचीही वेगळी नोंद लागते. बागायतदाराकडे छोटा ट्रॅक्टर आणि चांगला ब्लोअर असेल, तर मागचं यंत्र पुढच्याच्या किमतीच्या बरंच जवळ जातं आणि कागदावर त्याचा पत्ताच नसतो. यंत्रसामग्रीची स्वतंत्र पॉलिसी घेतली तर ‘योग्य किंमत’ या शब्दांचा अर्थच बदलतो. तिथे साधारणपणे आजची घसरलेली किंमत लिहायची नसते. त्याच क्षमतेचं नवं यंत्र आज घ्यायला किती लागेल, ते लिहायचं असतं. कमी लिहिलं तर भरपाई त्याच प्रमाणात कापली जाते. नवं यंत्र ३,००,००० चं, मालकाने ट्रॅक्टरच्या सवयीने १,५०,००० लिहिले, दुरुस्ती ४०,००० ची आली, तर हिशेब २०,००० पासूनच सुरू होतो. मोटारीच्या पॉलिसीत असा प्रमाणशीर कापाकापीचा नियम नाही. एकाच शेडमधली दोन यंत्रं, एकाला जोडलेलं दुसरं, आणि बरोबर किमतीच्या दोन उलट व्याख्या. एजंटने हे समजावून सांगितलं नाही, तर शेतकऱ्याला ते कळणार कसं? इथे ‘विमा साक्षरतेचा अभाव’ असं लिहून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो. अभाव असेल, पण आधी या दोन व्याख्या एका मराठी पानावर कोणी छापून दिल्या का, ते तरी तपासा.

माझ्या मते दुरुस्ती फार अवघड नाही. ट्रॅक्टरपुरता तक्ता पाचच्या पुढे किमान दहा-बारा वर्षांपर्यंत न्यावा, आणि प्रस्तावाच्या फॉर्मवर तासांच्या मीटरचा एक रकाना असावा. मीटर बदलता येतं हा आक्षेप खरा आहे. पण फोटो काढायला मोबाइल पुरतो, आणि दरवर्षीची नोंद असली की अचानक कमी झालेले तास उघडे पडतात.

संशोधनात काय करायचं? आधी ठरवा की तुम्हाला कोणती किंमत हवी आहे. कुटुंबाची मालमत्ता मोजायची असेल तर राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७७ व्या फेरीतलं, २०१९ चं कर्ज आणि गुंतवणूक सर्वेक्षण कसं विचारतं ते वाचा. तिथे भर आहे तो आहे त्या अवस्थेत, त्या भागात चालणाऱ्या बाजारभावावर. पिकाचा उत्पादन खर्च काढायचा असेल तर तासांवरचा घसारा जास्त जवळचा. आणि विम्याचं संरक्षण पुरेसं आहे का हा प्रश्न असेल, तरच आयडीव्ही घ्या, पण एकटी नको. शेजारी मीटरवरचे तास, पॉलिसीचा प्रकार, नूतनीकरणाची तारीख आणि मालक स्वतः सांगतो तो भाव लिहा. आयडीव्ही आणि मालकाचा भाव यातली दरी हाच खरा व्हेरिएबल आहे. पाचोडसारख्या गावात, जिथे बाग आणि भाड्याचा ट्रॅक्टर शेजारी-शेजारी सापडतात, ती दरी मोजायला वीस-पंचवीस पॉलिसींचा पथदर्शी अभ्यासही पुरेल. त्यात आणखी एक प्रश्न जरूर घाला: ‘पॉलिसीवरचा हा आकडा कोणी सांगितला?’ उत्तरासाठी पर्याय देऊ नका, जागा मोकळी ठेवा.